पिकअपच्या पाठीवरची खोली

एप्रिल आला की आमच्याकडे बर्फ वितळतो. या दिवसांवर लिहिणारे लोक झऱ्यांवर लिहितात, पहिल्या कोंबांवर लिहितात. मी मिनेसोटात चाळीसच्या वर एप्रिल काढले आहेत, आणि मला दिसतं ते एवढंच, की पाच महिने झाकून ठेवलेलं सगळं एकेक करून उघडं पडतंय. नोव्हेंबरपासूनची कुत्र्यांची घाण, थरावर थर. कुणाचा तरी एकटा हातमोजा. चपटी होऊन चामड्यासारखी वाळलेली खार. भिजून लगदा झालेल्या जाहिराती. रस्त्याच्या कडेला मीठ आणि वाळू खाऊन काळा पडलेला, किडक्या दातासारखा बर्फ. आणि वास. थंडीत नाक बधिर असतं, सहा-सहा आठवडे कशालाच वास येत नाही. मग एका आठवड्यात सगळे वास एकदम जागे होतात, साचलेले.

आज सकाळी फिरायला निघाले तर चार घरं सोडून पलीकडच्या तरुण जोडप्याने त्यांचा सुट्टीत राहायचा ट्रेलर हिवाळ्यानंतर पहिल्यांदा उघडला होता. दार सताड, गाद्या बाहेर काढून उन्हात टाकलेल्या. मी फुटपाथवरून जात होते, आणि वास आला. ओलं प्लायवूड, बुरशी, उंदरांचं मूत, आणि त्याच्या खाली संडासात घालायच्या निळ्या औषधाचा गोडसर दर्प. मी मफलर नाकावर ओढला. "हॅपी स्प्रिंग!" ती मुलगी हातातला झाडू हलवत ओरडली. मी हात वर केला आणि तिथूनच घरी परतले.

ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं तेव्हाची गोष्ट. ईडन प्रेरी या आमच्या उपनगरात तेव्हा अजून मक्याची शेतं होती. आमच्या गल्लीच्या टोकाला डांबर संपायचं आणि चिखल सुरू व्हायचा. माझा नवरा दिलीप पुण्याचा, कंट्रोल्सचा इंजिनिअर. मी नागपूरची, फिजिक्समध्ये एम.एस्सी. लग्नाआधी एक वर्ष कॉलेजात शिकवलं होतं, इथे शाळेच्या लायब्ररीत पुस्तकं लावत होते. मुलगी केतकी नऊ वर्षांची. मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमच्या घरचा करार होता.

त्या हिवाळ्यात दिलीपला ऑफिसात डावललं गेलं. ज्या मुलाला त्याने तीन वर्षं काम शिकवलं, तोच त्याचा साहेब झाला. दिलीप घरी यायचा, फावडं घ्यायचा आणि ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायचा. बर्फ पडलेला नसला तरी कडा छाटत बसायचा. त्याने एकदाच सांगितलं, की सोमवारी जेवायच्या टेबलावर सगळे शनिवार-रविवारबद्दल बोलतात. कुणाचं तळ्याकाठचं केबिन, कुणाची बोट, कुणी किती मासे पकडले. उत्तरेला जाणं म्हणजे इथे जवळजवळ धर्मकार्य. "मी डबा उघडतो आणि ऐकत बसतो," तो म्हणाला.

मार्चच्या शेवटी तो कौंटीच्या लिलावातून एक पिकअप घेऊन आला. रस्ता दुरुस्त करणाऱ्या टोळीचा, नारिंगी, चार दारांचा.

"क्रू कॅब आहे," तो म्हणाला. "पुढे दोघं, मागे तिघं आरामात. आणि त्याच्या मागे हौदा."

"हौद्यात काय घालणार?"

"घर!" असं म्हणून तो हसला. डिसेंबरपासून पहिल्यांदा. पुढे मी जे केलं आणि जे केलं नाही, ते सगळं त्या हसण्यापायी. निदान मी स्वतःला असं सांगत आले आहे.

ट्रकच्या आत डोकावले आणि मागे सरले. कामगार तंबाखू चघळायचे, रिकाम्या डब्यात थुंकायचे आणि नेम चुकायचा. नागपुरात जिन्याच्या कोपऱ्यांतल्या पिचकाऱ्या बघत मी वाढले, त्यामुळे दुसऱ्याच्या थुंकीची मला सवय आहे असा माझा समज होता. ही थुंकी वर्षानुवर्षं वाळून दारांच्या आतल्या बाजूला व्हार्निशसारखी चढली होती आणि त्यात केस चिकटले होते. मी नाकाला रुमाल बांधून ती रंग खरवडायच्या पात्याने काढली. तपकिरी पापुद्रे निघायचे. गरम पाणी टाकलं की ते पुन्हा ओले व्हायचे, आणि मग त्यांना पुन्हा तोंडाचा वास यायचा. अनोळखी माणसांच्या तोंडाचा.

मागचा हौदा आखूड होता, कारण जास्तीच्या दोन दारांनी त्याची जागा खाल्ली होती. आणि रस्त्यावरच्या मिठाने त्याचा पत्रा असा खाल्ला होता, की बोटाने दाबलं तर कुरकुरायचा.

घर आणायला आम्ही तिघं विस्कॉन्सिनमधल्या एका शेतावर गेलो. ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. एक लाकडी सांगाड्याची, वरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा मारलेली खोली असते. आत शेगडी, बेसिन, छोटा फ्रिज, दुमडायचं टेबल, कपाटाएवढा संडास. पुढच्या बाजूला एक बिछाना टोपीच्या झापेसारखा बाहेर आलेला, तो ड्रायव्हरच्या डोक्यावर येतो. ही खोली चार जॅकवर उंच उभी करायची, पिकअप उलटा तिच्या पोटाखाली घालायचा, खोली हळूहळू खाली उतरवून हौद्यात बसवायची आणि साखळ्यांनी बांधायची. झालं घर, इथल्या भाषेत कॅम्पर. मालक म्हातारा होता. तीन वर्षं उघडलेलं नाही, म्हणाला. त्याने स्वतः दार उघडलं नाही. किल्ली दिलीपच्या हातात दिली आणि शेडच्या बाहेर, वाऱ्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

तेवढ्यावरून आम्हाला कळायला हवं होतं.

पुढचे तीन आठवडे मी जे काढलं ते अजून माझ्या हाताला आहे असं वाटतं. वरच्या बिछान्यातल्या गादीत उंदरांनी घर केलं होतं. फोम कुरतडून, त्यात कागद आणि कुणाच्या तरी स्वेटरची लोकर घालून केलेलं, मुताने घट्ट झालेलं, आणि मधोमध सोललेल्या शेंगदाण्याएवढी गुलाबी पिल्लं, आंधळी, हलणारी. दिलीपने ती फावड्यावर घेतली आणि गॅरेजमागे गेला. केतकीने विचारलं, "व्हेअर डिड यू पुट देम?" "इन द वुड्स," तो म्हणाला. गॅरेजमागे वुड्स नव्हते, कचऱ्याचा ड्रम होता.

फ्रिजमध्ये थर्माकोलचा एक पेला होता, झाकण लावलेला. मी झाकण उघडलं. मासे पकडायला गळाला लावतात त्या जळवा होत्या त्यात, तीन वर्षांपूर्वीच्या. त्यांचं काय झालं होतं ते मी लिहीत नाही. मी ड्राइव्हवेवर ओणवी होऊन ओकले, आणि तिथेच वितळलेलं पाणी वाहत होतं, ते सगळं माझ्या बुटांवरून गेलं.

आणि खालची टाकी. संडासाचं सगळं गाडीतल्याच एका टाकीत साठतं आणि नंतर पाइप लावून ओतायचं असतं. म्हाताऱ्याने ते ओतलेलं नव्हतं. म्हणजे तीन वर्षांपूर्वी तो आणि त्याची बायको कुठल्यातरी तळ्याकाठी सुट्टीला गेले होते, जेवले होते, आणि ते सगळं आमच्याकडे आलं होतं. दिलीप कोपरापर्यंतचे रबरी मोजे घालून, होज पाइप घेऊन जमिनीवर आडवा झोपला होता आणि मी बादली धरली होती. बादलीत आधी काही आलं नाही. मग एकदम आलं. माझ्या माहेरी नागपूरच्या क्वार्टर्समध्ये संडास अंगणाच्या पार टोकाला होता आणि तिथून आल्यावर आई हात-पाय धुतल्याशिवाय स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभं करत नसे. त्या आईची मुलगी दुसऱ्यांची तीन वर्षांची घाण बादलीत धरून उभी होती, आणि ज्या टाकीत ही घाण होती तिच्यापासून हातभर अंतरावर पोळ्या करायच्या होत्या. हात ब्लीचने धुऊन धुऊन कातडी सोलली. तरी कणीक मळताना मला बोटांना वास यायचा. मी आठवडाभर पोळ्या केल्या नाहीत, भात लावला. कुणी विचारलं नाही.

दिलीप मात्र फुलत होता. ट्रकच्या मागच्या स्प्रिंगमध्ये त्याने जास्तीचे पाटे घातले, जाड टायर बसवले, लांब हातांचे आरसे लावले, कॅम्परच्या दिव्यांच्या वायरी ओढल्या. शेजारी आर्नी राहायचा, सत्तरीचा, नॉर्वेजियन वंशाचा, जन्मभर बॉयलरचं वेल्डिंग केलेला. तो रोज कॉफीचा मग घेऊन यायचा, उभा राहायचा, कमी बोलायचा. मे लागला तसा तो यायचा बंद झाला. मी विचारलं तर दिलीप म्हणाला, "गुडघा दुखतोय त्याचा."

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात खोली हौद्यात बसली. दिलीप आणखी काही बोल्ट आणायला गेला होता आणि मी ट्रकच्या डॅशबोर्डचा कप्पा पुसत होते. कप्प्यात गाडीबरोबर आलेला एक कागद सापडला. त्यावर ट्रकची आकृती होती. अशी खोली वर ठेवायची असेल तर तिच्या वजनाचा मध्य कुठे यायला हवा, ते दाखवलेलं: मागच्या चाकाच्या पुढे. खोलीच्या बाजूवरही त्या मध्याची खूण असते, एक बाण. आमच्या खोलीवर तो बाण होता, फिका लाल, मीच त्याच्यावरची बुरशी घासून काढली होती. मी घरातून शिवणाची टेप आणली आणि मोजलं. बाण मागच्या चाकाच्या मधल्या रेषेच्या मागे पडत होता, चांगला चार बोटं. खोली लांब हौद्यासाठी बनलेली होती, आमचा हौदा आखूड, म्हणून सगळी मागे सरकली होती.

याला एम.एस्सी. लागत नाही. बागेतल्या सी-सॉवर बसलेल्या पोराला कळतं. चाकाच्या मागे वजन पडलं की पुढची बाजू उचलली जाते, आणि गाडी वळते ती पुढच्या चाकांनी. रस्त्यावर एखादा दणका बसला तर पुढची चाकं क्षणभर रस्ता सोडतील आणि खोली मागे कलंडेल. मग माझं लक्ष साखळ्यांकडे गेलं. त्यांचे हुक दिलीपने हौद्याच्या काठाच्या पत्र्याला लावले होते. तोच, बोटाने कुरकुरणारा पत्रा.

मी कागद पुन्हा कप्प्यात ठेवला. टेपची गुंडाळी करून शिवणाच्या डब्यात ठेवली.

का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वर्षांत इतक्या वेळा विचारला आहे, की आता त्याच्या उत्तरांचाही मला वीट आलाय. त्याच्या दोन वर्षं आधी इथल्या मराठी मंडळाच्या जेवणात दिलीप सगळ्यांना सांगत होता, की तळं आधी वरूनच का गोठतं. चुकीचं सांगत होता. मी सहज दुरुस्त केलं. तो तिथे हसला. "बाई फिजिक्सच्या आहेत," म्हणाला. आणि मग अकरा दिवस माझ्याशी बोलला नाही. तेव्हापासून मी फिजिक्स घरीच ठेवायला शिकले होते. शिवाय तो हिवाळा, तो नवा साहेब, ते फावडं. आता कुठे हा माणूस शीळ घालत होता. उद्या सांगू, असं मी म्हटलं. एखादा चांगला क्षण बघून सांगू.

तसा क्षण आला, अगदी ताटात वाढून आला. मेच्या मध्यावर मंडळातली चार-पाच कुटुंबं आमच्याकडे कॅम्पर बघायला जमली. ड्राइव्हवेवर खुर्च्या, पेपर प्लेटमध्ये बटाटेवडे. दिलीप दार उघडून एकेकाला आत नेत होता. मीनाताई आत जाऊन लगेच बाहेर आल्या.

"सुनंदा, अगं शेगडीला लागून संडास? शी! मी तर पाणी पिणार नाही आत."

पुरुष मात्र खूष होते. "यार दिलीप, कमाल केलीस!" असं कुणीतरी म्हणालं. आणि मग त्यांच्यातला एकजण, सिव्हिलचा, ट्रकच्या मागे उभा राहून, मान तिरकी करून म्हणाला, "वजन झेपेल ना रे याला? मागे फार आलंय वाटतं."

"आमच्या बाईंना विचारा," दिलीप मोठ्याने म्हणाला. "त्या फिजिक्सच्या आहेत."

सगळे माझ्याकडे वळून हसले. दिलीपही हसत होता, पण त्याचे डोळे हसत नव्हते; ते माझ्यावर खिळले होते.

"झेपेल," मी म्हणाले. "कुणाला आणखी चटणी हवीय का?"

गप्प बसणं वेगळं. हे मी बोलले. पाचपंचवीस माणसांसमोर, हातात चटणीचा वाडगा घेऊन, स्वच्छ खोटं बोलले. उंदरांचं, जळवांचं, टाकीचं मला आजही किळसवाणं वाटतं. पण या एका शब्दाची शिसारी वेगळी आहे. ती धुवायला ब्लीच नाही.

मेच्या शेवटच्या लाँग वीकएंडला आम्ही डलुथला निघालो, मोठ्या तळ्याकाठी. केतकीला वरच्या बिछान्यात बसायचं होतं. तिथे पुढे एक आडवी खिडकी होती, सगळा रस्ता दिसायचा. तेव्हा लोक मुलांना असं बसवायचे, कुणाला त्यात काही वाटत नसे.

"नको," मी म्हणाले.

"का? मजा येईल तिला," दिलीप म्हणाला.

"प्लीज, आई, प्लीज!"

मी तिची उशी आणून दिली. मी स्वतः आणून दिली.

अडीच तासांचा रस्ता. मी दिलीपच्या हातांकडे बघत होते. सरळ रस्त्यावरही ते स्टीअरिंग सारखे थोडे इकडे, थोडे तिकडे करत होते. "जरा तरंगतेय," तो म्हणाला. "वारा आहे." रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बर्च झाडांचं पान हलत नव्हतं. मी म्हणाले, "असेल."

डलुथच्या अलीकडे डोंगराच्या माथ्यावर गाड्या थांबायची जागा आहे. तिथून तळं दिसतं, समुद्रासारखं, आणि मग हायवे सरळ खाली शहरात उतरतो. दिलीपने फोटोसाठी गाडी थांबवली. मी मागे जाऊन कॅम्परचं दार उघडलं आणि तो वास तोंडावर आला. ऊन तापलं होतं, पत्रा तापला होता, आणि घासून, ब्लीच लावून, नवी गादी घालूनही आत मुरलेलं सगळं बाहेर आलं होतं. केतकी वरून उतरून जमिनीवर बसली होती. तिला उलटी झाली होती. स्लीपिंग बॅगवर, फ्रॉकवर, केसांत. सकाळचे पोहे ओळखू येत होते.

"इट स्मेल्स लाइक डेड थिंग्ज," ती हुंदके देत म्हणाली. "आय डोन्ट वॉन्ट टू बी इन देअर."

मी तिला तिथल्या बाथरूममध्ये नेऊन जमेल तेवढं धुतलं. केसांतलं निघालं नाही. परत आलो तेव्हा दिलीप स्टीअरिंगवर बसला होता.

"दहा मिनिटांत पोचतो आपण. वरच झोपू दे तिला, खाली गेलं की सगळं एकदम साफ करू."

"नाही. तिथे परत नाही घालणार तिला. इथे मागच्या सीटवर घेते."

"सुनंदा, सीटला वास लागेल."

"लागू दे."

बस. एवढंच बोलले मी. वजनाचा मध्य नाही, बाण नाही, पत्रा नाही. माझ्या मुलीच्या केसांत उलटी होती आणि ती खोली घाणेरडी होती, म्हणून मी तिला बाहेर काढलं. तिला सीटवर बसवून पट्टा बांधला आणि मीही मागेच तिच्याजवळ बसले.

उतार लागला. तळ्यावरून वारा समोर येत होता, आता खराच. दिलीपने ब्रेकवर पाय ठेवला होता. उताराच्या मध्यावर एक पूल आहे. पूल आणि रस्ता जिथे जुळतो त्या सांध्यावर आमची मागची चाकं दणकन आदळली. पत्रा फाटल्याचा आवाज आला, जाड कापड टराटरा फाडल्यासारखा. ट्रकचं नाक वर आलं. मला काचेतून रस्ता दिसेना, नुसतं आभाळ. दिलीप स्टीअरिंग फिरवत होता आणि ते काहीच करत नव्हतं. किती वेळ, सांगता येत नाही. मग मागून मोठा आवाज झाला, नाक धाडकन खाली आलं, चाकांनी रस्ता धरला, आणि आम्ही कडेला जाऊन थांबलो.

मागे वळून पाहिलं तर हौदा रिकामा होता.

खोली पन्नास पावलांवर रस्त्यात पडली होती. पुढचे हुक पत्र्याचे लचके घेऊन सुटले होते, वारा त्या पुढे आलेल्या बिछान्याखाली शिरला होता आणि ती मागच्या मागे कलंडली होती. आधी बूड आपटलं, मग पुढचा भाग रस्त्यावर तोंडघशी आला. वरचा बिछाना, ती आडवी खिडकी, सगळं चेपून हाताच्या रुंदीएवढं उरलं होतं. मागची स्टेशनवॅगन तिच्यापासून दोन हातांवर थांबली होती. आतली बाई स्टीअरिंग धरून नुसती बसली होती. टाकी फुटली होती. यावेळची घाण आमची होती. डांबरावरून ती निळ्या औषधात मिसळून उताराने आमच्याकडेच येत होती, आणि तिच्याबरोबर तूरडाळ, लोणच्याचं तेल, पोळ्या.

केतकी खिडकीला नाक लावून बघत होती. "ऑल द पूप केम आउट!" ती ओरडली आणि हसत सुटली. हसता हसता तिला उचक्या लागल्या.

पोलीस आला. त्याने चेपलेल्या भागात टॉर्च घालून पाहिलं, दिवसाउजेडी. मग दिलीपला विचारलं, "आत कुणी होतं?"

"नो," दिलीप म्हणाला.

"नक्की? कुणीच नाही?"

"नो, सर."

पोलीस ट्रॅफिक वळवायला गेला. आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. माझ्या चपलेखालून निळं पाणी जात होतं आणि मी पाय उचलत नव्हते.

"मला माहीत होतं," मी म्हणाले.

"काय?"

"वजन चाकाच्या मागे पडत होतं. मी टेप लावून मोजलं होतं. खोली चढवली त्याच दिवशी."

मला वाटलं तो ओरडेल. मला ते हवं होतं. तो रस्त्यावरच्या घाणीकडे बघत होता.

"आर्नीने सांगितलं होतं मला," तो म्हणाला. "हेच. हौदा आखूड आहे, आणि हुक पत्र्याला नको, खाली चासीला लाव. दोनदा सांगितलं. मी त्याला म्हटलं, मी इंजिनिअर आहे, तू नाहीस."

यानंतरचं वाक्य कुणीतरी बोलायला हवं होतं. ते वाक्य आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं, कारण वरच्या बिछान्यात उशी मी दिली होती आणि हात देऊन केतकीला चढवलं त्याने होतं. तो पुढे झाला आणि मला वाटलं माझा हात धरतोय. तो वाकला आणि ओकला.

त्या रात्री मोटेलमध्ये मी केतकीचे केस तीनदा धुतले. चौथ्यांदा बसवलं तेव्हा ती म्हणाली, "आई, इट्स गॉन. स्टॉप." मी थांबले.

घरी आल्यावर दिलीप आर्नीकडे गेला. मी खिडकीतून पाहिलं. तो दारात उभा राहून काहीतरी बोलला, आर्नीने पूर्ण ऐकून घेतलं आणि दार उघडं ठेवून आत वळला. दिलीप त्याच्यामागून गेला. पिकअप जूनमध्ये विकला. सोमवारच्या टेबलावर दिलीपने काय सांगितलं मला माहीत नाही. पुढच्या वर्षी त्याने ती नोकरी सोडली, दुसरी धरली, बरी चालली. आणि मी बोलायला लागले. मंडळात माझ्या तोंडाळपणाबद्दल लोक बोलतात, बोलोत बापडे. कुणी शिडी वाकडी लावली, कुणी गॅसजवळ पडदा टांगला, तर मी जेवणाच्या मध्येही सांगते, यजमानांना राग आला तरी. दिलीप आता अकरा दिवस अबोला धरत नाही. लोकांना वाटतं आमचं किती छान जुळतं.

केतकी आता पन्नाशीला आली, दूर अ‍ॅशबर्नला राहते. तिच्या मैफलींत ही गोष्ट ठरलेली असते. ती छान सांगते, पुलाचा दणका हाताने टेबल आपटून दाखवते, बाबांचा चेहरा करून दाखवते, आणि शेवटी, "थँक गॉड आय थ्रू अप!" लोक पोट धरून हसतात. आम्ही समोर असलो तर आम्हीही हसतो. इतकी वर्षं हसलो. ओठ ताणायचे, मान मागे टाकायची. दिलीप तर टाळीही देतो. आणि प्रत्येक वेळी जिभेवर तीच चव येते, त्या सकाळच्या आंबलेल्या पोह्यांची.

गेल्या नोव्हेंबरात आम्ही तिच्याकडे होतो. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला तिच्या ऑफिसातली मंडळी आली होती. गोष्ट झाली, हसून झालं, आणि एका नव्या आलेल्या बाईने डोळे पुसत आमच्याकडे वळून सहज विचारलं, "तुम्हाला आधी काही कल्पनाच नव्हती?"

"नो," मी म्हणाले.

"नो," दिलीप म्हणाला.

एकदम म्हणालो, आणि फार लवकर म्हणालो. केतकी भोपळ्याचा गोड पम्पकिन-पाय कापत होती. तिने मान वर केली आणि आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मग तिने सगळ्यांना एकेक तुकडा वाढला.

पाहुणे गेल्यावर मी बेसिनपाशी ताटल्या धूत होते. दिलीप वर झोपायला गेला होता. केतकी कोरडं फडकं घेऊन माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. ती माझ्याशी मराठीत बोलत नाही, गरजच पडत नाही. तेव्हा मात्र शब्द शोधत शोधत बोलली.

"आई, तुला किती दिवस आधी माहीत होतं?"

नळ वाहत होता. मी तो बंद केला.

"पाच आठवडे," मी म्हणाले.

"आणि बाबांना?"

"ते त्यांना विचार."

तिने मान हलवली. माझ्या हातातली ताटली घेतली, पुसली, कपाटात ठेवली. मग दुसरीसाठी हात पुढे केला, आणि सगळ्या ताटल्या संपेपर्यंत आम्ही दोघी तशाच उभ्या होतो, एकीने धुवायचं, एकीने पुसायचं.